वाचकांचे प्रश्न : स्लो पिच सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह केवढा असावा?

प्रश्न : मी टिळकवाडीत राहतो, वय ४३ वर्षे. शाळेत सॉफ्टबॉल खेळत होतो, पण त्यानंतर वीस-बावीस वर्षे चेंडूला हात लागला नाही. गेल्या वर्षापासून आम्ही काही मित्र दर रविवारी सकाळी स्लो पिच (संथ, कमानी चेंडू टाकून खेळायचा सॉफ्टबॉल) खेळू लागलो आहोत. माझे मेहुणे अमेरिकेत असतात. दिवाळीला गावी येताना ते माझ्यासाठी चामड्याचा ग्लोव्ह आणणार आहेत. त्यांनी साडेबारा, १३ आणि १४ इंच असे तीन आकार कळवले आहेत. मित्र म्हणतात, स्लो पिचला जेवढा मोठा तेवढा बरा. माझा हात लहान आहे आणि मी कधी शॉर्टस्टॉपला (फलंदाजाजवळच्या आतल्या रांगेत), तर कधी आऊटफील्डला (मैदानाच्या मागच्या भागात) उभा असतो. कोणता मागवावा? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपल्या मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते आऊटफील्डपुरते.

मोठा ग्लोव्ह लागतो तो मुळात चेंडूमुळे. स्लो पिचमध्ये पुरुषांसाठी १२ इंच घेराचा चेंडू वापरतात, म्हणजे त्याचा व्यास जवळपास पावणेदहा सेंटिमीटर भरतो; क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरांच्या थोडा वर असतो. (चेंडूचे इंच घेराचे आणि ग्लोव्हचे इंच लांबीचे. दुकानात हा घोटाळा नेहमी होतो, तेव्हा मेहुण्यांच्या कानावर घालून ठेवावे.) शिवाय येथे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तो खालून, कमान करून टाकतो, त्यामुळे फलंदाजाला नेम धरून पूर्ण ताकदीने मारता येते आणि उंच, लांब फटके वारंवार निघतात. म्हणूनच या खेळात नऊऐवजी दहा क्षेत्ररक्षक असतात आणि त्यांपैकी चार आऊटफील्डला उभे राहतात. मागे धावत जाऊन हात पूर्ण लांबवून चेंडू झेलणाऱ्या माणसाला बोटांच्या टोकाशी मिळालेला एक जादा इंच कधी कधी अख्खा फटका वाचवून देतो. बेसबॉलच्या नियमांप्रमाणे क्षेत्ररक्षकाचा ग्लोव्ह १३ इंचांपेक्षा उंच असून चालत नाही. स्लो पिचसाठी मात्र १३ आणि १४ इंची ग्लोव्ह सर्रास वापरले जातात आणि १५ इंचीही विकत मिळतात.

शॉर्टस्टॉपचे गणित वेगळे आहे. तेथे चेंडू अडवणे हे निम्मे काम. अडवलेला चेंडू ग्लोव्हमधून काढून पहिल्या बेसकडे (धावणाऱ्याने गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे) फेकणे हे उरलेले निम्मे. मोठ्या ग्लोव्हचा खळगा खोल असतो, चेंडू त्यात आत जाऊन बसतो आणि बोटांना तो शोधावा लागतो. मी स्वतः एके काळी हौसेने १४ इंची ग्लोव्ह घेऊन दुसऱ्या बेसवर उभा राहिलो होतो. त्या हंगामात सरपटत आलेले चेंडू माझ्याकडून फारसे सुटले नाहीत. पण ग्लोव्हच्या तळाशी हात घालून चेंडू चाचपडेपर्यंत धावणारा पहिल्या बेसवर पोचलेला असे. शेवटी तो ग्लोव्ह मी आऊटफील्डमधल्या मित्राला दिला आणि त्याचे नशीब उघडले.

आता आपल्या लहान हाताविषयी. ग्लोव्हवर छापलेला आकड्याचा आकार हाताविषयी काहीच सांगत नाही. ती लांबी तर्जनीच्या टोकापासून खळग्यातून खाली ग्लोव्हच्या टाचेपर्यंत, म्हणजे मनगटाकडच्या कडेपर्यंत, शिंप्याच्या टेपने मोजावी तशी मोजलेली असते. एकाच १३ इंची लांबीचे दोन ग्लोव्ह आतून अगदी निराळे असू शकतात : एकात बोटांची घरे अरुंद, दुसऱ्यात ऐसपैस; एकाचा मनगटाचा पट्टा ओढून आवळता येतो, दुसऱ्याचा येत नाही. लहान हाताला ऐसपैस घरे असलेला जड ग्लोव्ह दिला की, चेंडू आदळताना तो हातावरच फिरतो आणि झेल बाहेर उडतो. म्हणून मेहुण्यांना आकड्याबरोबर आपल्या डाव्या पंजाचा कागदावर पेनने काढलेला आकारही पाठवावा. अथणी-निपाणीकडचे चपला शिवणारे कारागीर पाय कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवतात, तसाच. मेहुण्यांचा हात आपल्यापेक्षा मोठा असला, तर त्यांना सैल न वाटणारा ग्लोव्ह आपल्या हातात लोंबकळेल.

दुकानात एक परीक्षा जरूर करावी. ग्लोव्ह हातात घालून पट्टा आवळावा, खळग्यात सॉफ्टबॉलचा चेंडू ठेवावा, ग्लोव्ह मिटावा आणि पंजा जमिनीकडे उलटा करून हात हलवावा. चेंडू पडता कामा नये. नवा ग्लोव्ह ताठ असतो, तेव्हा तो पूर्ण मिटणार नाही. पण अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे यायला निदान तयार असली पाहिजेत. दोन्ही हातांनी दाबूनही जो ग्लोव्ह मिटत नाही, त्याचे चामडे कितीही उत्तम असो, रविवारपुरते खेळणाऱ्या माणसाने त्याच्या नादी लागू नये. तो वळणावर यायला ज्या रोजच्या सरावाची गरज असते, तो आपल्याकडून होत नाही. वरचा थर न काढलेले (‘फुल ग्रेन’) बैलाचे जाड चामडे टिकते खूप, पण वजनदार असते आणि सावकाश मऊ होते. डुकराच्या चामड्याचे स्वस्त ग्लोव्ह पहिल्या दिवसापासून मऊ असतात आणि तितक्याच लवकर ढिले पडतात.

माझे मत विचाराल तर १३ इंची घ्यावा. आऊटफील्डला तो तोकडा पडत नाही आणि शॉर्टस्टॉपला त्यातून चेंडू वेळेवर काढता येतो. आऊटफील्डला असताना करंगळीच्या घरात करंगळी आणि अनामिका दोन्ही घालून बाकीची बोटे एकेक घर सरकवावीत आणि तर्जनीचे घर रिकामे ठेवावे. स्लो पिचचे अनेक खेळाडू असे करतात. त्याने खळगा खोल होतो आणि तळहाताला बसणारा चटका कमी होतो. शॉर्टस्टॉपला आलात की बोटे पुन्हा आपापल्या घरात. पुढेमागे आपण कायमचे आऊटफील्डला गेलात, तर १४ इंचीचा विचार करावा; मात्र एखाद्या स्पर्धेत नाव देण्यापूर्वी तेथील नियमात ग्लोव्हच्या उंचीला किती मर्यादा आहे, हे आयोजकांकडून कळून घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. दुकानदार म्हणतो ‘राइट हँड थ्रो’ घ्या, कारण ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा आहे. हे बरोबर आहे का? – एक पालक, चिकोडी

उत्तर : नाही. ही नोंद चेंडू फेकणाऱ्या हाताची असते, ग्लोव्ह घालण्याच्या हाताची नव्हे. मुलगी डाव्या हाताने फेकत असेल, तर तिला ‘लेफ्ट हँड थ्रो’ हवा. तो उजव्या हातात बसतो. स्लो पिचमध्ये महिलांसाठी ११ इंच घेराचा, म्हणजे थोडा लहान चेंडू असतो, तेव्हा फार मोठ्या ग्लोव्हच्या मागे लागू नये. मात्र शालेय स्पर्धांत खेळला जाणारा सॉफ्टबॉल फास्ट पिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या प्रकारचा असतो. ती शाळेच्या संघात असेल, तर आकार तिच्या प्रशिक्षकांना विचारूनच ठरवावा.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमच्याकडे जून ते सप्टेंबर घरातल्या कपाटालाही ओल येते. मागच्या पावसाळ्यात ग्लोव्हवर पांढरी बुरशी चढली. वडील म्हणाले, चपलेला लावतो तसे एरंडेल चोळ. चोळले, तर ग्लोव्ह काळा आणि जड झाला. काय चुकले? – एक वाचक, खानापूर

उत्तर : वडिलांचा अनुभव चपलेच्या बाबतीत खरा आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेले असते. ते ताठ आणि कोरडे राहते आणि तेल पिऊन नरम येते. ग्लोव्हचे चामडे बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले आणि कारखान्यातच तेल पाजलेले असते. त्याला वरून आणखी तेल दिले की धागे फुगतात, खळग्याचा आकार ढळतो आणि वजन वाढते. बोटांच्या आतला नमदा तेल शोषून बसला, तर ते पुन्हा निघत नाही. गेलेला रंग आता परत येणार नाही. जडपणा थोडा उतरावा म्हणून कोरड्या सुती कापडाने रोज पुसत जावे आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरून दर दिवशी बदलावेत.

यापुढे बुरशी दिसली, तर ग्लोव्ह घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावा, जेमतेम ओलसर कापडाने पुसावा आणि वाऱ्यावर, पण सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेले चामडे वरून कडक होते आणि घडीवर चिरते. पावसाळाभर तो प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नये. जुन्या सुती उशीच्या खोळीत, खळग्यात एक चेंडू ठेवून, हवा खेळेल अशा जागी टांगावा. वर्षातून एकदा ग्लोव्हसाठी मिळणारे क्रीम नखाएवढे घेऊन खळग्यावर आणि चामड्याच्या बंदांवर (वाद्यांवर) चोळले, की पुरते.

प्रश्न : ग्लोव्हच्या जाळीतली (अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या विणलेल्या भागातली) वादी तुटली. गावात दुरुस्ती होईल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : होईल, आणि आपल्या भागात तर ती सोय जवळच आहे. वादी साधारण पाच मिलिमीटर रुंद, सगळीकडे सारख्या जाडीची हवी. कारागिराकडून कापून घेतल्यावर हातभर तुकडा दोन्ही टोकांनी ओढून पाहावा. तो ताणला जात असेल तर जाळी आठवडाभरात ढिली पडेल, दुसरी वादी मागावी. तुटलेली वादी काढण्यापूर्वी ग्लोव्हची दोन्ही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, कारण ती कोणत्या भोकातून वर आली आणि कोणत्या भोकात उतरली, हे काढल्यानंतर कोणालाही आठवत नाही. नव्या वादीचे टोक तिरपे कापावे, बारीक तार दुमडून तिच्या फासात ते अडकवावे आणि भोकातून ओढावे. एका वेळी एकच वादी बदलावी. पूर्ण जाळी सोडून कारागिरासमोर ठेवली, तर तो ती विणून देईल खरा, पण त्याने सॉफ्टबॉल पाहिलेला नसल्यास खळगा कोठे हवा, हे त्याला शेजारी बसून आपल्यालाच सांगावे लागेल; चेंडू बरोबर न्यावा.