कॉमिक्सवर डिझर्टेशन? विषय चालेल, प्रश्न कुठे आहे?

प्रश्न : मुलगी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला (एम.ए.च्या लघुप्रबंधाला) तिनं ‘पीएचडी कॉमिक्स’ ही संशोधक विद्यार्थ्यांवरची विनोदी चित्रमालिका विषय म्हणून धरलीय. घरात सगळे हसतात. विनोदी चित्रांवर कुणी गंभीर समीक्षा लिहितं का? पुढे नोकरीत हे आड येणार नाही ना? सोबत तिचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जोडला आहे. – एक आई, सांगली

नमस्कार ताई,

हसणाऱ्यांना निक सूसानिस यांचं नाव सांगा. या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात डॉक्टरेटचा अख्खा प्रबंधच कॉमिक्सच्या रूपात सादर केला, आणि 2015 मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं तो पुस्तक म्हणून छापला. नोकरीचंही मनावर घेऊ नका. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत डिझर्टेशनचा विषय कुणी विचारत नाही. उलट तिच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात कल्चरल स्टडीजचं, म्हणजे संस्कृतीच्या अभ्यासाचं, वेगळं युनिटच आहे.

मला काळजी वाटते ती सिनॉप्सिसची. त्यात कौतुक भरपूर आहे, प्रश्न एकही नाही. ‘मार्मिक चित्रण’ हे शब्द दोन पानांत तीनदा आलेत. आवडतं म्हणून लिहिणं वेगळं, समीक्षा वेगळी.

होर्हे चॅम यांनी ही मालिका 1997 मध्ये स्टॅनफर्डला मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करता करता तिथल्या विद्यार्थी दैनिकात सुरू केली. नायकाला नावच नाही. माइक नावाचा एक जण वर्षानुवर्षं पीएचडीच करत राहतो. कुठल्या सेमिनारला फुकट खायला मिळेल याचा शोध चालू, आणि गाइडची धास्ती कायमची. (आपल्याकडे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षांची मुदत, मग मुदतवाढीचे अर्ज. माइकची इथे भलतीच पळापळ झाली असती.)

आता माझी एक आठवण. मी संशोधन करत असताना आमच्या स्कॉलर रूमच्या कपाटावर यातली एक स्ट्रिप (काही चौकटींची चित्रपट्टी) चिकटवलेली होती. कोपरे पिवळे पडलेले, वर कुणीतरी पेननं आमच्या गाइडसरांच्या मिश्या रेखाटलेल्या. फेलोशिप सात महिने थकली होती. जो तो चहाचा कप हातात घेऊन ती वाचायचा, “अगदी आपलंच” म्हणून हसायचा. त्या सात महिन्यांत ऑफिसात लेखी अर्ज मात्र एकाचाही गेला नाही, माझाही नाही. दोष चित्राचा नव्हे. पण सरसुद्धा ती वाचून खदखदून हसायचे, हे मला आजही खटकतं. ज्याच्यावर विनोद आहे तोही निवांत हसत असेल, तर तो टोचतोय कुणाला? तुमच्या मुलीचा विषय इथून सुरू होतो, असं मला वाटतं.

तिला सांगा, गाइड आणि विद्यार्थी समोरासमोर असलेल्या फक्त वीस स्ट्रिप्स निवड. प्रत्येकीत शेवटच्या चौकटीत कोण बोलतं, कोण गप्प बसतं, बोलण्याचा फुगा कुणाचा मोठा, हे वहीत उतरवून काढ. कंटाळवाणं काम आहे, आठवडा जाईल. पण विनोदाचा भार कुणावर पडतो ते त्यातूनच दिसेल, आणि चॅम यांच्यावर टीका करायची वेळ आली तर तिच्या हाती पुरावा असेल. प्रबंधात चित्रं जोडायची असतील तर परवानगीची ईमेल आत्ताच टाकावी.

वही भरली की सिनॉप्सिस पुन्हा पाठवा. ‘मार्मिक’ तेवढं काढून.