पॅकिंग बदलूनही कुलंट गळतंय?

प्रश्न : ट्रॅक्टरच्या थर्मोस्टॅट हाउसिंगचं (कुलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेच्या कवचाचं) पॅकिंग दोनदा बदललं, सिलिकॉनही भरपूर लावलं. तरी उसाची ट्रॉली ओढली की कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) झिरपतं. काय चुकतंय?
– एक वाचक, इस्लामपूर (जि. सांगली)

उत्तर : दोष बहुधा पॅकिंगचा नाही, ते बसतं त्या पृष्ठभागाचा आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कुलंट काढून हाउसिंग उतरवा. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. पटाशीने अॅल्युमिनियमवर चरे पडतात आणि त्यांतूनच पुन्हा गळतं. मग सरळ पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवून पाहा. खालून ०.१ मि.मी.चं फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) शिरलं, तर हाउसिंगचं तोंड वाकडं आहे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते त्यावर घासा. खोल खड्डे असतील, तर हाउसिंगच बदला.

थर्मोस्टॅट खाचेत नीट बसला पाहिजे, स्प्रिंग इंजिनकडे. तो जरा सरकला, तरी हाउसिंग एका बाजूने उचललं जातं. मग बोल्ट आवळताना कान (हाउसिंगचा बोल्टच्या भोकाचा भाग) तुटतो. कागदी पॅकिंगला सिलिकॉनचा जाड थर नको, तो दाबाखाली पॅकिंगच बाहेर ढकलतो. बोल्ट आलटून-पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळा.

आणि कृपा करून बोअरचं पाणी घालू नका! त्यातले क्षार अॅल्युमिनियम खातात. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे भरा, हवा काढा. इंजिन एकदा तापून थंड झालं की पातळी पुन्हा बघा.