एम १३ चं वस्तुमान: उजेड एकाचा, वजन दुसऱ्याचं

एम १३ या गोलाकार तारकागुच्छाच्या तेजस्वितेवरून तुम्ही त्याचं वस्तुमान काढलंत, ते पुस्तकातल्या आकड्याच्या निम्मंच आलं, आणि चुकलं कुठे असं तुम्ही विचारलंत. तुमचं गणित चुकलेलं नाही. एम १३ ची भासमान प्रत (आपल्याला दिसणारा उजेड; आकडा जितका कमी तितका उजेड जास्त) ५.८, अंतर सुमारे २४ हजार प्रकाशवर्षं. त्यावरून निरपेक्ष प्रत (सगळे एकाच ठराविक अंतरावर ठेवले तर दिसेल ती) उणे ८.५ च्या आसपास येते. सूर्याची ४.८३. म्हणजे हा गुच्छ सूर्याच्या साधारण सव्वादोन लाख पट तेजस्वी आहे. अडतं ते पुढच्या पायरीला, 'म्हणून सव्वादोन लाख सूर्यांएवढं वस्तुमान' या वाक्यापाशी. पुस्तकातला आकडा दुपटीच्या घरात आहे, आणि तोच बरोबर आहे.

आठ इंची दुर्बिणीतून एम १३ बघताना कडेला सांडलेल्या रव्यासारखे सुटे ठिपके दिसतात ना? त्यातला एकही सूर्यासारखा नाही. आपला सूर्य तिथे नेऊन ठेवला तर तो १९ व्या प्रतीचा दिसेल, आणि त्या दुर्बिणीची धाव १४ व्या प्रतीच्या आसपास संपते. दिसतात ते जवळपास सगळे तांबडे राक्षसी तारे. वजन सूर्याहून थोडं कमीच, पण उजेड कित्येक शे पट. गुच्छाचं वय १२ अब्ज वर्षांच्या आसपास असल्याने त्याहून जड तारे कधीच संपले. त्यांचे श्वेतबटू झाले (विझत चाललेले, छोटे पण जड गाभे), काहींचे त्याहूनही घट्ट न्यूट्रॉन तारे. त्यांचं वजन आहे, उजेड जवळपास नाही. शिवाय पाव सूर्याएवढे खुजे तारे असंख्य आहेत, आणि त्यातल्या एकेकाचा उजेड सूर्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही.

म्हणून तेजस्वितेला वस्तुमान-दीप्ती गुणोत्तराने (एका सूर्याएवढ्या उजेडामागे किती सूर्यांचं वजन, त्या आकड्याने) गुणायचं. दृश्य प्रकाशात आकाशगंगेतल्या बहुतेक गोलाकार गुच्छांसाठी ते २ च्या जवळपास धरतात.

पण हा २ आला कुठून? ताऱ्यांच्या वेगांतून. वर्णपटावरून आणि ताऱ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून तारे गुच्छात किती वेगाने भिरभिरतात ते कळतं. एवढ्या वेगाच्या ताऱ्यांना धरून ठेवायला किती वस्तुमान लागेल, हा हिशोब उजेडावर अवलंबून नाही. माझा भरवसा यावर जास्त. कारण गुणोत्तर सगळीकडे सारखं नसतं: आकाशगंगेच्या ओढीने हलके तारे आधी निसटतात, आणि ज्या गुच्छाचे बरेच निसटले त्याचं गुणोत्तर उतरतं.

आता हाच हिशोब ओमेगा सेंटॉरी या दुसऱ्या गोलाकार गुच्छावर करून बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडून रात्री दक्षिणेला खाली दिसतो. प्रत ३.७, अंतर १७ हजार प्रकाशवर्षं. मधली धूळ जवळपास ०.४ प्रत खाते, ती भासमान प्रतीतून आधी वजा करा. नाहीतर तेजस्विता ३० टक्क्यांनी कमी येईल.