झिपीशेअर गेलं, आता फाइली कशा पाठवू?

भाऊ, झिपीशेअर, म्हणजे फाइल चढवून तिची लिंक पाठवायची ती फुकट साइट, मार्च 2023 च्या शेवटी बंद झाली. त्या नावाने आता एखादं पान दिसलं तर तिथलं काहीच उतरवू नको.

तू धरमपेठेत लग्नाचे फोटो काढतोस, म्हणजे सुरुवातीला गूगल ड्राइव्ह पुरे. 15 जीबी फुकट मिळतात, पण त्यातच जीमेल आणि गूगल फोटोजही मोजले जातात. ग्राहकाने फोटो उतरवले की फोल्डर काढ आणि ट्रॅशही रिकामा कर, नाहीतर जागा सुटत नाही. एकदाच मोठं पाठवायचं असेल तर स्विसट्रान्सफर ही फाइली पाठवायची साइट बघ: 50 जीबीपर्यंत जातं, खातं लागत नाही.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथे:

- लिंकलाच साठवण समजतात. स्विसट्रान्सफरची लिंक जास्तीत जास्त 30 दिवस चालते. मूळ फोटो दोन हार्ड डिस्कवर ठेवच, यात आळस नको. लग्न पुन्हा लागत नाही रे.
- ड्राइव्हची परवानगी, म्हणजे लिंक कोणाला उघडता येईल ते, बदलत नाहीत, मग ग्राहकाला फोटो दिसतच नाहीत. लिंक आधी इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खाजगी खिडकी, तिथे तुझं खातं उघडं नसतं) उघडून बघ, मगच पाठव.

बाकी सिंक, सर्व्हर वगैरे सध्या राहू दे. पहिलं लग्न नीट पोचव, अडलास तर विचार.