चेकसम जुळला, पण कशाशी जुळवला?

तुम्ही लिहिलंय: लिनक्स मिंटचा आयएसओ (इन्स्टॉलची अख्खी इमेज फाइल) एका मिररवरून (तीच फाइल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) उतरवला, त्याच फोल्डरमधल्या एसएचए-२५६ च्या फाइलशी आकडा (चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला, जीपीजी (डिजिटल सही तपासणारा प्रोग्राम) 'गुड सिग्नेचर' म्हणतोय पण खाली मोठी वॉर्निंग आहे, तर इन्स्टॉल करू का? ओळखीचं दुखणं आहे. दहा मिनिटं थांबा. वॉर्निंगमुळे नाही, 'त्याच फोल्डरमधल्या' या दोन शब्दांमुळे.

शेजारी ठेवलेल्या फाइलशी आकडा जुळला, तर डाउनलोड अर्धवट राहिलं नाही एवढंच कळतं. ज्याला आयएसओ बदलता येतो त्याला शेजारची फाइलही बदलता येते. हे काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द मिंटची साइट फोडून १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या लिंका त्सुनामी नावाचं बॅकडोअर (चोरदरवाजा) घुसवलेल्या आयएसओकडे वळवल्या होत्या. साइटच दुसऱ्याच्या ताब्यात असताना तिथल्या आकड्याला काय अर्थ? तरी सपोर्ट डेस्कवरचं ठरलेलं उत्तर आजही तेच: "एमडी५ जुळला ना, मग झालं." एमडी५ ही चेकसमची जुनी पद्धत तर मुद्दाम केलेल्या लबाडीपुढे केव्हाच निकामी झालीय. अशा डेस्कांवर घालवलेला वेळ परत मिळत नाही, असो.

म्हणून सही. सही आयएसओवर नसते, चेकसमच्या फाइलवर असते, हे बरेच जण विसरतात. म्हणजे साखळी अशी: की (सही करणाऱ्याची डिजिटल किल्ली) खरी, म्हणून सही खरी, म्हणून आकडे खरे, म्हणून आयएसओ खरा. 'गुड सिग्नेचर' फक्त मधला दुवा सांगतो: तुमच्याकडे जी की आहे तिनेच ही सही केली. ती की मिंटवाल्यांची आहे का एखाद्या भामट्याची, हे जीपीजीला कळायला मार्ग नाही, आणि ती वॉर्निंग नेमकं तेच सांगते. नवीन की आणली की ती येणारच. तिच्याखाली जो फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा आकडा) छापलेला असतो, काम त्याचं आहे.

तो पूर्ण ४० अक्षरं ताडून बघा. शेवटची आठ पाहून सोडू नका. तेवढी जुळणारी बनावट की साध्या मशीनवरही बनवता येते. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या कीची अशी जुळी की-सर्व्हरवर (सगळ्यांच्या की ठेवणाऱ्या सर्व्हरवर) सापडली होती. मिंटच्या कीचा फिंगरप्रिंट मी इथे मुद्दाम देत नाही. माझ्यासारख्या अनोळखी माणसाच्या उत्तरातून तो उचलणं ही पुन्हा तीच चूक. मिंटच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून घ्या, पण मोबाइलच्या डेटावरून, घरच्या वायफायवरून नको. मग त्याच पानाची दोन-चार वर्षांपूर्वीची प्रत वेब अर्काइव्ह या जुनी पानं जपणाऱ्या साइटवर काढून ताडा. साइट आज फुटली असेल तरी जुनी प्रत कोणी बदललेली नसते.

'बॅड सिग्नेचर' आलं तर लगेच हॅकरला शिव्या घालू नका. बहुतेकदा चेकसमचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवलेला असतो. ओळींचे शेवट बदलतात आणि सही मोडते. लिंकवर राइट-क्लिक करून 'सेव्ह अ‍ॅज' करा. 'नो पब्लिक की' म्हणजे की आणलेलीच नाही, बाकी काही नाही.

आकडा डोळ्यांनी जुळवू नका. पहिली चार नि शेवटची चार अक्षरं पाहून सगळेच समाधान मानतात. लिनक्सवर एसएचए२५६सम या कमांडला 'मायनस सी' आणि 'इग्नोर-मिसिंग' हे दोन्ही पर्याय द्या, नाहीतर न उतरवलेल्या प्रत्येक आवृत्तीसाठी 'फेल्ड' दिसेल. ब्राउझरने नावापुढे '(१)' लावलं असेल तर 'नो फाइल वॉज व्हेरिफाइड' येईल. तो होकार नव्हे, नाव दुरुस्त करून पुन्हा चालवा. विंडोजवर सर्टयुटिल या कमांडला शेवटी एसएचए२५६ सांगायला विसरलात तर ती गुपचूप एसएचए-१ हा दुसराच आकडा काढते. ६४ ऐवजी ४० अक्षरं दिसली की समजा.

आता आयएसओ ज्यावर लिहायचा तो पेनड्राइव्ह. आयएसओ शंभर टक्के खरा असूनही इन्स्टॉलर मध्येच गचके खातो तो बहुधा इथे. लिहून झाल्यावर ड्राइव्ह काढून परत लावा, नाहीतर वाचलेलं ड्राइव्हवरून नव्हे, मेमरीतून येतं. मग लिनक्सवर 'हेड' कमांडने आयएसओच्या आकाराइतकेच बाइट अख्ख्या ड्राइव्हवरून (पार्टिशनवरून नव्हे) वाचा आणि त्यांचा एसएचए-२५६ काढा; तोच आकडा यायला हवा. रूफस या पेनड्राइव्ह लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये 'डीडी' मोड (इमेज जशीच्या तशी उतरवणारा) निवडला असेल तरच हे जुळेल. आयएसओ मोडमध्ये तो फाइली सुट्या करून ठेवतो. आणि मध्ये ड्राइव्ह विंडोजला लावू नका, ते त्यावर स्वतःचं काहीतरी लिहू शकतं. बूट मेनूतली मीडिया तपासणी चालवायला हरकत नाही, पण तिची यादी त्या इमेजच्याच पोटात असते. खराब ड्राइव्ह पकडेल, लबाडी नाही. फुटपाथवरचा स्वस्त ६४ जीबी असेल तर आधी एफ३ या प्रोग्रामने खरी क्षमता तपासा.

ही काळजी घरच्या मशीनपुरती धरा. ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटीचे नियम वेगळे. फिंगरप्रिंट जुळला तर इन्स्टॉल करा. नाही जुळला तर जीपीजीचा सगळा आउटपुट इथे मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनचा तिरका फोटो नको.