उन्हाळी भाजी: पाकिटावरचा महिना आणि आपल्या गावची हवा

प्रश्न: फेब्रुवारीत गच्चीवर टोमॅटोची रोपं लावली. झाडं छान वाढली, फुलंही भरपूर आली, पण सगळी देठातूनच गळतात. खत कमी पडतंय का? – वाचक, चंद्रपूर

उत्तर: खत कमी नाही, रात्र गरम आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचं २३-२४ च्या वर राहू लागलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. मग फळ धरत नाही आणि फूल गळतं. पूर्व विदर्भात मार्च संपता संपता ही वेळ येते. अशा वेळी युरिया टाकाल तर पाला वाढेल, फूल मात्र गळतच राहील. हिरवी जाळी लावल्याने दुपार थोडी सुसह्य होते, पण रात्र काही थंड होत नाही. बियांच्या पाकिटावरचा ‘जानेवारी-फेब्रुवारी’ हा मुहूर्त थंड भागासाठी ठीक आहे. तुमच्याकडे टोमॅटोचं रोप नोव्हेंबरात कुंडीत गेलं पाहिजे, म्हणजे ऊन तापायच्या आत फळं हाती येतात.

त्या कुंड्या आता रिकाम्या करा आणि भेंडी, गवार, चवळी लावा. या तिघींना ऊन मानवतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून एक इंच खोल, एका जागी दोन टोकावं आणि उगवल्यावर जोमदार रोप ठेवून दुसरं कापावं. उपटू नये, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. बारा इंची कुंडीत एकच झाड. वाफ्यात ३० × १५ सेंटिमीटर अंतर पुरतं, कारण उन्हाळ्यात झाड पावसाळ्याइतकं पसरत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू समजा. त्यावर औषध नाही, ते झाड लगेच काढून टाका. ‘परभणी क्रांती’ हा वाण या रोगाला तोंड देणारा म्हणून निघाला होता. आता मात्र तोही सगळीकडे टिकत नाही, तेव्हा वाणाच्या भरवशावर पांढऱ्या माशीकडे दुर्लक्ष नको. भेंडी दिवसाआड तोडा. एक जरी जून होऊन झाडावर राहिली, तरी पुढचा बहर मंदावतो.

गवारीत ‘पुसा नवबहार’ घ्या. तिला फांद्या फुटत नाहीत, सरळ वाढते, त्यामुळे कुंडीत सोयीची. गच्चीवर खरा त्रास मुळांना होतो: काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची भिंत तापते आणि कडेची मुळं भाजतात. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, मातीवर दोन इंच वाळका पाला पसरा आणि पाणी सूर्य उगवायच्या आत द्या.

प्रश्न: दोडक्याला फुलं पुष्कळ येतात, फळं मोजकीच. जी धरतात ती बोटाएवढी होऊन सडतात. – वाचक, गुहागर

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वेलावर आधी नरफुलं येतात, मादीफुलं नंतर. मादीफुलाच्या मागे इवलासा दोडका असतो, त्यावरून ते ओळखावं. ऊन आणि नत्र दोन्ही जास्त झाली की नरफुलं वाढतात, म्हणून या काळात शेणखताची स्लरी थांबवा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचंही. सकाळी परागीकरण करायला गेलात तर उशीर झालेला असतो. सूर्य कलल्यावर ताजं नरफूल तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. काकडी, कारली, भोपळा यांचं काम मात्र सकाळी लवकर.

सडण्याचं कारण बहुतेक फळमाशी. कोवळ्या सालीवर ओलसर डाग दिसतो का, आणि फळ चिरल्यावर आत अळ्या आहेत का, ते बघा. असतील तर फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत कागदी पिशवी चढवा आणि मांडवाजवळ क्यू ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून पडलेली फळं उचलणं जास्त महत्त्वाचं. ती खतखड्ड्यात टाकू नका, तिथूनच नवी माशी बाहेर पडते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग पुरा.

पुढच्या वर्षी वेलांची आळी (लागवडीचे खड्डे) जानेवारीतच भरा, म्हणजे वळीव यायच्या आत तोडणी उरकेल. जांभ्याची माती आंबट असते आणि अन्न धरून ठेवत नाही. प्रत्येक आळ्यात अर्धी टोपली कुजलेलं शेणखत घाला, बिया चार टोका आणि वेल दोनच ठेवा. पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) आली तर भर उन्हात गंधक मारू नका, वेलवर्गाची पानं करपतात. तुमच्या दमट हवेत पडवळ आणि लाल माठही चांगले येतात. माठाचं बी बारीक असतं, वाळूत मिसळून फेका. महिनाभरात भाजी निघते.

प्रश्न: मार्चमध्ये कोथिंबीर उगवतच नाही, उगवली तर लगेच फुलावर येते. – वाचक, पुणे

उत्तर: धणा म्हणजे एक बी नव्हे, दोन. चपलेने हलकेच रगडून त्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा आणि वर ५० टक्के सावलीची जाळी धरा. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा आणि महिना-सव्वा महिन्यात कापून मोकळे व्हा. एप्रिलच्या मध्यानंतर हट्ट सोडा. त्या सावलीत पुदिन्याच्या तीन-चार पेरांच्या काड्या खोचा. मेथी हवी असेल तर मुंबईकरांची समुद्रमेथी करा: वाळूत दाट पेरून दोन-तीन इंचांची झाली की मुळांसकट उपटायची. ती फुलावर यायच्या आतच ताटात असते.

प्रश्न: आमचा झोन ७ आहे. भेंडी, कारली, वाल कधी लावू? – वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: अमेरिकेतला झोन हिवाळ्यातल्या नीचांकी थंडीवरून ठरतो. बारमाही झाड तिथल्या हिवाळ्यात तगेल का, एवढंच तो आकडा सांगतो. पेरणीसाठी शेवटच्या हिमाची तारीख आणि मातीचं तापमान बघावं लागतं. मेथी, पालक, कोथिंबीर एप्रिलच्या मध्यापासून बाहेर पेरा, ती थंडी त्यांना आवडते. भेंडी आणि गवार माती १८-२० अंश सेल्सिअसवर आल्याशिवाय नको. तुमच्याकडे ते मेच्या उत्तरार्धात होतं. त्याआधी टाकलेलं बी थंड ओलीत कुजतं. कारली, दुधी, दोडका तीन-चार आठवडे आधी घरात कागदी पेल्यात रुजवा आणि पेल्यासकट मातीत ठेवा, कारण मूळ दुखावलं की वेल खुंटतो.

वालाचं बी विचारपूर्वक निवडा. आपल्याकडचे जुने वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतात. तिथल्या लांबलचक उन्हाळ्यात नुसता पाला माजेल, फुलं सप्टेंबरात येतील आणि शेंगा भरायच्या आत हिम पडेल. दिवसाच्या लांबीवर न अडणारा वाण तिथल्याच बियाणेवाल्याकडून घ्या. भारतातून बी न्यायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो. कढीपत्ता कुंडीतच ठेवा आणि रात्र १० अंशांखाली जाऊ लागली की दक्षिणेकडच्या खिडकीत आणा. हिवाळ्यात पानं झडली तरी पाणी वाढवू नका.