चढावर गाडी मागे का सरकते?

प्रश्न : ड्रायव्हिंगचा कोर्स झाला, पण स्वतःची गाडी चढावर मागे सरकते, नाहीतर बंद पडते. क्लासच्या गाडीत असं होत नव्हतं.

उत्तर : क्लासच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. गाडी बंद पडतेय असं दिसलं की तो ते हळूच दाबतो आणि शिकणाऱ्याला कळतही नाही. म्हणून शेवटचे काही धडे प्रशिक्षकाचे पाय पेडलवरून दूर ठेवायला सांगूनच घ्यायला हवेत.

आता आधी मोकळ्या, सपाट जागेत सराव करा. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर नाही. टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज जड होऊन गाडी हलू लागते, तिथे पाय दोन-तीन सेकंद थांबवा. ही जागा पायाला न शोधता सापडली पाहिजे.

मग सौम्य चढ, मागे कुणी नसताना. हँडब्रेक ओढलेला, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच त्या जागेपर्यंत. गाडीचं नाक किंचित उचललं की मगच हँडब्रेक सोडा. मागे सरकली, तर हँडब्रेक लवकर सुटला. बंद पडली, तर क्लच झटक्यात सुटला किंवा ॲक्सिलरेटर कमी पडला.

सिग्नलला मात्र अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, क्लचप्लेट जळते.